ढगांखालची जमीन : छायाचित्रणविषयक प्रश्नोत्तरे

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ढगांविषयीचे प्रश्न एकदम वाढतात. या वेळी बहुतेक पत्रे इंदूर आणि आसपासच्या गावांतून आली आहेत, त्यामुळे उत्तरांतील उदाहरणेही मुद्दाम माळव्यातलीच घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही सहकुटुंब मांडवला गेलो होतो. रूपमती मंडपातून निमाडकडे पाहताना आभाळ भरून आले होते आणि डोळ्यांना दृश्य विलक्षण वाटत होते. घरी येऊन पाहिले तर प्रत्येक छायाचित्रात आकाश पांढरेफटक आणि जमीन मळकट! कॅमेरा चांगला आहे, लेन्सही चांगली आहे. मग चुकले कुठे? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. त्यांपैकी एक कॅमेऱ्याची आहे आणि दुसरी ढगांची.

कॅमेऱ्याची गोष्ट आधी घेऊ. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम उजळ आहे असे गृहीत धरतो. मांडवच्या कड्यावर पावसाळ्यात समोर काय असते? भिजलेला काळा बेसाल्ट, काळी माती, गर्द झाडी. या सगळ्या गडद गोष्टी मध्यम उजळ दाखवण्यासाठी कॅमेरा जास्त प्रकाश आत घेतो आणि आकाश उडते, म्हणजे तपशील जाऊन कोरे पांढरे होते. भरलेले आभाळ आपल्याला काळोखे वाटले तरी ते जमिनीपेक्षा सहज तीन-चार स्टॉप उजळ असू शकते, आणि प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश असल्यामुळे हा फरक आठ ते सोळा पटींचा होतो. आपला डोळा एकदा आकाशावर, एकदा जमिनीवर स्थिरावत दोन्हीकडचे तपशील टिपत राहतो; सेन्सरला मात्र सगळे एकाच वेळी मोजायचे असते.

म्हणून अशा वेळी ढगाचा सर्वांत उजळ भाग धरून एक्सपोजर, म्हणजे किती प्रकाश आत घ्यायचा ते, ठरवावे. स्पॉट मीटरिंगने (फक्त एका लहान भागाचा प्रकाश मोजण्याच्या सोयीने) तो भाग मोजावा आणि त्यावर साधारण दीड ते दोन स्टॉप वाढवावेत, म्हणजे ढग पांढरा राहील पण त्याच्या घड्या जाणार नाहीत. हे किचकट वाटत असेल तर हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळे आणि उजवीकडे पांढरे दाखवणारा उजेडाचा आलेख, पाहावा. उजव्या भिंतीला आलेख टेकू नये एवढे पथ्य पाळले तरी पुरे. उडालेल्या आकाशात नंतर परत आणण्यासारखे काहीच उरत नाही. उलट अंधारलेल्या जमिनीतून, विशेषतः रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीत), बरेच काही वर काढता येते, कारण जेपेग प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या साठवते तर 14 बिटांची रॉ फाइल 16,384. रूपमती मंडपातून दिसणारे क्षितिज जवळजवळ सरळ आहे, त्यामुळे तिथे वरचा अर्धा भाग गडद असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर उत्तम चालतो. तोच फिल्टर जहाज महालासमोर लावला तर आकाशाबरोबर महालाच्या माथ्यावरच्या छत्र्याही काळवंडतील. तिथे वेगवेगळ्या एक्सपोजरच्या दोन-तीन फ्रेम घेऊन त्या जोडणे बरे.

आता ढगांची गोष्ट. आपण ज्या दिवशी गेलात त्या दिवशी आभाळात बहुधा सलग पसरलेला थर होता. अशा मळभाला आकारच नसतो, आणि ज्याला आकार नाही त्यात तो कोणत्याही एक्सपोजरने आणता येत नाही. त्या दिवशी आकाशाचा हट्ट सोडून कॅमेरा खाली वळवायला हवा होता. सगळे आभाळच प्रकाश देत असल्यामुळे कडक सावल्या पडत नाहीत, भिजलेल्या दगडावरचे शेवाळ, भिंतीवरचे ओघळ, कुंडाच्या पायऱ्या यांचे रंग उन्हापेक्षा अधिक गहिरे दिसतात. पाताळपाणीसारख्या धबधब्यासाठी तर मळभ हा सर्वांत चांगला प्रकाश आहे. कडक उन्हात फेसाळ पाणी आणि काळा खडक एका छायाचित्रात सांभाळणे जवळजवळ अशक्य होते. ढग चौकटीत नसले तरी त्या छायाचित्रात ढगांचे काम पुरेपूर असते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ढगांकडे आपण आकाश सजवणारी वस्तू म्हणून पाहतो, म्हणून ते जमिनीवर काय करत आहेत हे पाहायचे राहून जाते.

मांडवला आणखी एक गोष्ट घडते. नर्मदेच्या खोऱ्यावरून येणारा दमट नैऋत्य वारा विंध्याच्या भिंतीवर आदळून वर चढतो, चढताना थंड होतो आणि कड्याच्या उंचीवरच त्याचा ढग बनतो. मंडपाखालचा निमाडचा सपाट प्रदेश तीनशेहून अधिक मीटर खाली आहे, त्यामुळे पुष्कळदा आपण ढगाखाली नसून ढगातच उभे असतो. तेव्हा कॅमेऱ्याला धुके राखाडी वाटते. एक्सपोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावे म्हणजे ते पांढरे दिसेल. आणि तिथून लगेच निघू नये. मध्येच पडदा फाटतो, आणि खाली निमाडच्या शेतांवर उन्हाचा एक तुकडा सरकताना दिसतो.

या तुकड्यासाठी तयारी आधीच करून ठेवावी लागते. ढग ताशी तीस किलोमीटर वेगाने जात असतील तर त्यांची सावली दर सेकंदाला आठ मीटरांहून थोडी जास्त सरकते. म्हणजे तीनशे मीटर रुंदीची उघडीप एखाद्या झाडावरून किंवा घुमटावरून साधारण छत्तीस सेकंदांत निघून जाते. एवढ्या वेळात ट्रायपॉड उघडणे, चौकट ठरवणे आणि फोकस करणे जमत नाही. चौकट आधी ठरवा, ऊन कुठे पडावे असे वाटते ते नक्की करा, आणि मग ऊन नेमके तिथे येईपर्यंत थांबा. ते आपल्या विषयाच्या मागे पडले तर विषय काळ्या आकृतीसारखा उठून दिसेल. विषयावर पडले आणि मागची टेकडी सावलीत राहिली तर विषय उजळून पुढे येईल. दोन्ही चांगले आहेत, पण ती दोन वेगळी छायाचित्रे आहेत.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. त्यात ढग नेहमी खोटे, गिलावा केल्यासारखे येतात. काही उपाय? (देवास)

उत्तर : मोबाइल आपोआप अनेक फ्रेम एकत्र करून आकाश गडद आणि जमीन उजळ करतो, म्हणजे ढग आणि जमीन यांच्यातला खरा फरकच पुसून टाकतो. पडद्यावर ढगाच्या उजळ भागावर बोट टेकवा, दाबून धरून एक्सपोजर लॉक करा आणि बोट खाली सरकवत चित्र थोडे काळोखे करा. मोबाइलमध्ये एचडीआर (अनेक फ्रेम आपोआप जोडण्याची ही सोय) बंद करण्याची किंवा रॉ मध्ये छायाचित्र घेण्याची सोय असेल तर ती वापरा. जमीन थोडी अंधारी राहिली तर राहू द्या. आभाळ भरून आल्यावर ती अंधारीच असते.

प्रश्न : निवृत्तीनंतर कॅमेरा हाती घेतला आहे. माळव्यात कोणत्या ऋतूत कोणते ढग मिळतात आणि रंगीत संध्याकाळ होणार की नाही हे आधी ओळखता येते का? (महू)

उत्तर : आपला प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचे उत्तर आपल्या भूगोलात आहे.

ढगांची आज प्रचलित असलेली नावे ल्यूक हॉवर्ड या इंग्रज औषध-व्यावसायिकाने डिसेंबर 1802 मध्ये लंडनच्या एका अभ्यासमंडळात वाचलेल्या निबंधातून आली. तंतूंसारखे ते सिरस, राशीसारखे ते क्युम्युलस, थरासारखे ते स्ट्रॅटस. छायाचित्रकाराने नावापेक्षा उंची लक्षात ठेवावी, कारण प्रकाश कधी आणि कुठून मिळणार हे उंचीवरून ठरते.

एप्रिल-मेमध्ये तापलेल्या जमिनीवरून दुपारनंतर वळिवाचे ढग उभे राहतात. हे क्युम्युलोनिंबस आपल्या अक्षांशांत पंधरा किलोमीटरच्याही वर जाऊ शकतात आणि वर अडल्यावर ऐरणीसारखे सपाट पसरतात. त्यांचे छायाचित्र त्यांच्याखाली उभे राहून होत नाही. पूर्ण आकार दिसण्यासाठी चाळीस-पन्नास किलोमीटर लांबून पाहावे लागते. आपल्याला जानापावची टेकडी जवळ आहे, तिथून चारही दिशा मोकळ्या दिसतात. जूनच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस स्थिरावला की थरांचे राज्य सुरू होते. जूनमध्ये दुपारी सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हा उघडीप मिळाली तरी ढगांना उभार नसतो, सकाळ-संध्याकाळच धरावी. माझ्या मते माळव्यातला सर्वांत समृद्ध काळ म्हणजे सप्टेंबर. हवा धुतलेली, सोयाबीन हिरव्याकडून पिवळ्याकडे झुकलेले, आणि सकाळी दहानंतर सपाट तळाचे, फुगीर माथ्याचे क्युम्युलस एकामागून एक येत राहतात. हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारे पावसाळी हवेचे पट्टे) उत्तर भारतावरून सरकू लागले की आधी सिरसचे तंतू दिसतात, मग पातळ पडदा पसरतो, त्यात कधी सूर्याभोवती खळे पडते, आणि पुढे मावठ्याचा पाऊस होतो. हे उंच ढग बर्फाच्या कणांचे असतात, आणि संध्याकाळच्या रंगांसाठी यांच्यासारखे ढग नाहीत.

आता ओळखायचे कसे ते पाहू. सूर्य जमिनीवरून दिसेनासा झाला तरी उंचावरच्या ढगाला तो काही वेळ दिसत असतो. एक किलोमीटर उंचीवरचा ढग डोक्यावर असेल तर त्याला सूर्यास्तानंतर चार-एक मिनिटेच ऊन मिळते. दहा किलोमीटर उंचीवरच्या सिरसला चौदा-एक मिनिटे, आणि पश्चिमेकडच्या भागाला त्याहूनही जास्त. या वेळात प्रकाश हवेतून फार लांबचा प्रवास करून येतो, निळा रंग वाटेत विखुरला जातो आणि लाल-नारिंगी उरतो. म्हणून सूर्य बुडताच ट्रायपॉड आवरणारे लोक खरा प्रकाश सोडून घरी जातात.

मात्र हा प्रकाश ढगापर्यंत पोहोचण्यासाठी वाट मोकळी हवी. इंदूरवरच्या दहा किलोमीटर उंच ढगाला शेवटचे ऊन देणारा किरण आपल्या पश्चिमेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर जमिनीला घासून आलेला असतो. नकाशावर हे अंतर मोजले तर उन्हाळ्यात ती जागा अहमदाबादच्या आसपास येते, आणि सूर्य दक्षिणेकडे कलल्यावर हिवाळ्यात सुरतेच्या बाजूला. म्हणजे आपल्या डोक्यावर उंच ढग आहेत आणि गुजरातवर आकाश निरभ्र आहे, अशी स्थिती असेल तर संध्याकाळ रंगण्याची शक्यता पुष्कळ. आपल्याकडे नुसते सिरस दिसत असले तरी तिकडे दाट ढग असतील तर रंग अचानक विझतो, आणि इथे उभे असणाऱ्याला त्याचे कारण कळत नाही. भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची छायाचित्रे दर अर्ध्या तासाने येतात. दुपारी चारच्या सुमारास गुजरातवरचे ढग कुठल्या दिशेला सरकत आहेत ते त्यांत पाहा आणि मग निघायचे की नाही ते ठरवा. हे जमू लागले की हवामान बातमीसारखे ऐकण्याऐवजी आपण ते वाचू लागतो, आणि त्यात मोठा आनंद आहे.

प्रश्न : पोलरायझर लावल्यावर ढग कधी छान उठून दिसतात, कधी काहीच फरक पडत नाही, आणि कधी आकाशाचा एकच भाग काळा होतो. फिल्टर खराब आहे का? (धार)

उत्तर : फिल्टर ठीक आहे, दिशा बदलते आहे. पोलरायझर ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, अडवतो. निळ्या आकाशाचा प्रकाश सूर्यापासून काटकोनात असलेल्या पट्ट्यात सर्वांत जास्त ध्रुवित असतो. सूर्याच्या दिशेला आणि त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला तो जवळजवळ नसतो. ढगातून येणारा पांढरा प्रकाश फारसा ध्रुवित नसल्यामुळे पोलरायझर फिरवल्यावर निळे गडद होते, ढग पांढरा राहतो आणि उठून दिसतो. अंगठा आणि तर्जनी काटकोनात धरून तर्जनी सूर्याकडे रोखा आणि मनगट फिरवा. अंगठा जिकडे जिकडे जाईल तो परिणामाचा पट्टा. चोवीस मिलिमीटरपेक्षा रुंद लेन्समध्ये हा पट्टा आणि त्याच्या बाहेरचे आकाश दोन्ही येतात, म्हणून मधलाच भाग काळा दिसतो. तेव्हा फिल्टर पूर्ण न फिरवता थोडा मागे आणा.

मांडवचा दक्षिण कडा पोलरायझरसाठी जणू नेमून दिलेली जागा आहे. तिथून आपण दक्षिणेकडे पाहतो, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळतो, त्यामुळे सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा समोरचे आकाश काटकोनात येते. फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो, हे विसरू नका. सलग मळभात तो आकाशासाठी निरुपयोगी आहे, पण ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी काढायला तेव्हाही लावावा.

कृष्णधवल छायाचित्र करत असाल तर निळे आकाश फिल्टरशिवायही गडद करता येते. संगणकावर रंगीत फाइल कृष्णधवल करताना निळा रंग खाली ओढला की पूर्वी लाल फिल्टर जे करत असे तेच होते. अॅन्सल अॅडम्स यांनी 10 एप्रिल 1927 रोजी योसेमिटीतील हाफ डोमचे छायाचित्र आधी पिवळ्या आणि मग लाल फिल्टरने घेतले. दुसऱ्यात आकाश काळेभोर झाले आणि कड्याचे वजन जाणवू लागले. हे साधन जपून वापरावे. निळा फार खाली ओढला तर ढगांच्या कडांभोवती दाणे आणि काळ्या रेघा येतात.

प्रश्न : सिरपूर तलावाचे माझे छायाचित्र आमच्या हौशी मंडळाच्या प्रदर्शनातून बाद झाले, कारण मी त्यातले आकाश संगणकावर बदलले होते. जुन्या काळी नामवंत छायाचित्रकार हेच करत असत असे मी वाचले आहे. मग आमच्यावरच बंदी का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कोलोडियनच्या काचा (छायाचित्र टिपण्यासाठी रासायनिक लेप दिलेल्या) मुख्यतः निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देत. जमिनीला पुरेसा वेळ द्यावा तर आकाश कोरे पांढरे होई, आणि आकाश सांभाळावे तर जमीन काळी राही. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1856-57 च्या सुमारास यावर उपाय म्हणून समुद्राची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून एकच प्रिंट काढली, आणि एकच आकाश त्याने एकाहून अधिक समुद्रांवर वापरले. आपल्या इंदुरातही सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत असताना 1870 च्या दशकात छायाचित्रणाकडे वळलेले लाला दीनदयाळ ज्या काळात काम करत होते, त्या काळातील काचांनाही निळ्याचाच सोस होता. जुन्या वास्तूंच्या छायाचित्रांत आकाश इतके रिकामे का दिसते, याचे मोठे कारण हे आहे. 1873 मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्याने काच इतर रंगांनाही संवेदनशील करता येते हे शोधून काढले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. तेव्हापासून ती अडचण उरली नाही.

माझे मत स्पष्ट सांगतो. ल ग्रे यांना समोर दिसणारे ढग काचेवर उतरवता येत नव्हते. आपल्याला ते उतरवता येतात. फक्त त्या दिवशी ते तिथे नव्हते, किंवा आपल्याला हवे तसे नव्हते. आणि खरी अडचण नीतीच्या आधी प्रकाशाची आहे. जमिनीवरचा प्रत्येक कवडसा वरच्या खऱ्या आकाशाने घडवलेला असतो. दुपारच्या निरभ्र आकाशाखाली काढलेल्या तलावावर सायंकाळचे नारिंगी ढग बसवले तर बाभळींच्या सावल्या आखूडच राहतात, काठावरचा गाळ पांढरट चमकतो, पाण्यातल्या प्रतिबिंबात वेगळेच आकाश दिसते, आणि बगळ्याच्या पाठीवर नारिंगीचा लवलेशही नसतो. सामान्य प्रेक्षकाला यातले काय चुकले ते सांगता येणार नाही, पण चित्रावर त्याचा विश्वास बसत नाही. सॉफ्टवेअर रंगछटा जुळवते. सावल्यांची लांबी बदलत नाही.

एकाच जागेवरून, एकाच वेळी, वेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम जोडणे मला पूर्ण मान्य आहे, कारण ढग आणि जमीन त्यात एकमेकांचेच राहतात. त्यापलीकडे जायचे असेल तर चित्राखाली तसे लिहावे आणि सर्जनशील विभागात पाठवावे. फियाप आणि पीएसए या छायाचित्रण संस्थांच्या निसर्ग विभागात काहीही घालणे वा काढणे चालत नाही. अन्य विभागांचे नियम प्रत्येक स्पर्धेत वेगळे असतात, ते आधी वाचावेत. आपल्या मंडळाने नियम आधीच जाहीर केला असेल तर निर्णय योग्य आहे. केला नसेल तर पुढच्या वेळी तो छापून द्यावा अशी मागणी आपण जरूर करा.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आकाश आठ-आठ दिवस नुसते निळे असते. तेव्हा काय करावे? (उज्जैन)

उत्तर : क्षितिज वर घ्या आणि आकाशाला चौकटीत अगदी थोडी जागा द्या, किंवा देऊच नका. सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी मोकळ्या आकाशातही क्षितिजापासून वर गुलाबी आणि निळ्या छटांचे पट्टे असतात. क्षिप्रेचे घाट तेव्हा काढावेत. दिवसभरासाठी रब्बीसाठी नांगरलेली रानेच विषय करा.

प्रश्न : विजा चमकत असताना छायाचित्रे घेणे कितपत सुरक्षित? (मानपूर)

उत्तर : उघड्यावर, टेकडीवर, झाडाखाली किंवा तलावाकाठी अजिबात नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळते. हे सेकंद तीसपेक्षा कमी झाले की काम थांबवून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. मांडवच्या उघड्या मंडपाला घर समजू नये. तो कड्याच्या टोकावर आहे. विजेची छायाचित्रे लांबून, घराच्या खिडकीतून घ्यावीत : कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस हाताने दूरवर लावलेला, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचे छिद्र एफ 8 च्या आसपास, आणि रात्री दहा ते वीस सेकंदांची एकामागून एक एक्सपोजर. वीज जवळ असेल तर छिद्र आणखी लहान करावे.